काल रात्रीच्या हसण्याबद्दल

(छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) इथल्या युवा अभ्यास शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



काल रात्री जेवणानंतर आपण ‘मॉफी’ हा दक्षिण आफ्रिकेचा चित्रपट पाहिला. ऑलिव्हर हर्मॅनस यांचा, २०१९ चा. पावसात, खंदकात रात्र काढताना दोन शिपाई पोरं थंडीनं एकमेकांजवळ सरकतात, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. तेव्हा मागच्या रांगेतून हसू आलं. मोठं नव्हतं, तोंडावर हात धरून दाबलेलं. मी कुणाला रागवायला उभा राहिलेलो नाही. ते हसू माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मी ते स्वतः हसलोय. कधी आणि कुठे, ते पुढे सांगतो.

चित्रपट संपल्यावर एका मुलानं प्रश्न विचारला. म्हणाला, सर, ही तर गोरी पोरं. काळ्या माणसांना गुलामासारखं वागवणाऱ्या सरकारची फौज. त्यांच्या दुःखाचं आपण काय करायचं? प्रश्न चांगला होता. रात्रीचे अकरा वाजले होते, वॉचमन चाव्या वाजवत उभा होता, म्हणून उत्तर राहिलं. आज तिथूनच सुरुवात करतो.

दक्षिण आफ्रिकेत १९६७ पासून प्रत्येक गोऱ्या तरुणाला सक्तीनं फौजेत जावं लागायचं. आधी नऊ महिने, मग वर्ष, सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोन वर्षं. शाळा संपली की बोलावणं. नामिबियाची सीमा, अंगोला, आणि पुढे पुढे आपल्याच देशातल्या काळ्यांच्या वस्त्या. नकार दिला तर सहा वर्षांपर्यंत तुरुंग. आता विचार करा, अठरा वर्षांच्या पोराला, ज्यानं घरी कधी कुणावर हात उचललेला नाही, त्याला माणसावर गोळी झाडायला तयार कसं करायचं? नुसत्या कवायतीनं होत नाही. त्याच्यातला मऊपणा काढावा लागतो. त्यासाठी तिथं एक शब्द होता: मॉफी. आफ्रिकान्स भाषेतली शिवी. आपल्याकडे बायल्या, छक्का, मीठा म्हणतात, तसलाच. रडला की मॉफी. पळताना मागे पडला की मॉफी. पुस्तक वाचत बसला, मॉफी. हा शब्द त्या एका समलिंगी पोरासाठी नसतोच. तो बाकीच्या सगळ्यांसाठी असतो, म्हणजे प्रत्येक जण रात्रंदिवस सिद्ध करत राहतो की मी तो नाही.

आणि जो सापडला, त्याचं काय? प्रिटोरियाजवळ लष्कराचं मोठं इस्पितळ होतं. त्यातल्या बावीस नंबरच्या वॉर्डात अशा पोरांना ‘बरं’ करण्यासाठी पाठवत. पुरुषांची चित्रं दाखवायची आणि विजेचा झटका द्यायचा. मग झटका थांबवून बाईचं चित्र दाखवायचं. हा उद्योग करणारा मनोविकारतज्ज्ञ ऑब्री लेव्हिन. वंशभेदाची राजवट गेल्यावर तो कॅनडात जाऊन डॉक्टर म्हणून स्थिरावला. तिथं स्वतःच्या पुरुष रुग्णांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल २०१३ मध्ये त्याला शिक्षा झाली. दुसऱ्यांची विकृती काढायला बसलेल्या माणसाची ही गोष्ट. यावर मी काही बोलत नाही.

तर, ही पोरं गोरी होती हे खरं. पण ज्या यंत्रानं त्यांना काळ्यांवर गोळ्या झाडायला शिकवलं, त्याच यंत्राचा हा एक दात होता. हे तिथल्याच काही माणसांना कळलं. आयव्हन टॉम्स नावाचा डॉक्टर होता. गोरा आणि समलिंगी. केपटाऊनजवळच्या क्रॉसरोड्स या काळ्यांच्या झोपडवस्तीत दवाखाना चालवायचा. फौजेत परत जायला त्यानं नकार दिला आणि १९८८ मध्ये तो तुरुंगात गेला. त्याला बदनाम करण्यासाठी काय वापरलं असेल? त्याचं समलिंगी असणं. तसाच सायमन न्कोली. काळा, देशद्रोहाच्या खटल्यातला आरोपी. तुरुंगात त्यानं आपल्या साथीदारांना सांगितलं की मी समलिंगी आहे. सोबतच्या क्रांतिकारकांना धक्का बसला. काही जण म्हणाले, याच्याबरोबर खटला नको, आपली बदनामी होईल. बराच काळ वाद चालला आणि मग तेच लोक बदलले. १९९६ च्या राज्यघटनेत वंश, धर्म, लिंग यांच्या रांगेत लैंगिक कलसुद्धा लिहिला गेला. जगात सगळ्यात आधी त्या देशानं हे केलं.

त्या लढ्यात मुसलमानही होते. इमाम अब्दुल्ला हारून १९६९ मध्ये पोलिसांच्या कोठडीत मारले गेले. १९८४ मध्ये फरीद एसॅक आणि त्यांच्या मित्रांनी ‘कॉल ऑफ इस्लाम’ ही संघटना काढली. आणि त्याच केपटाऊनमध्ये मुहसिन हेन्ड्रिक्स नावाचे इमाम होते. कराचीत शिकून आलेले, आजोबाही इमाम. त्यांनी नव्वदच्या दशकात उघडपणे सांगितलं की मी समलिंगी आहे आणि मुसलमान आहे. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी गकेबेर्हा शहराजवळ त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडून त्यांना मारण्यात आलं. राज्यघटनेत लिहिलेलं होतं, तरी.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात सक्तीची फौज नाही. पण तुमच्यापैकी किती जण पहाटे पाचला उठून भरतीसाठी पळता? हात वर करा. बघा, सात, आठ, दहा. पोलीस भरती, अग्निवीर. अग्निवीराचं वय साडेसतरापासून सुरू होतं. म्हणजे त्या चित्रपटातल्या पोरांचंच वय.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवतेज सिंह जोहर खटल्यात निकाल दिला की सज्ञान व्यक्तींनी संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. कलम ३७७ चा तेवढा भाग गेला. पण चारच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख पत्रकारांना म्हणाले की हे फौजेत चालू देणार नाही. त्यांना तसं म्हणता आलं, कारण सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला देतं. आणि १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम ४६ मध्ये ‘अनैसर्गिक’ प्रकारच्या लज्जास्पद वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कैद आहे. दिग्दर्शक ओनिर यांना एका समलिंगी मेजरची गोष्ट पडद्यावर आणायची होती. २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयानं परवानगी नाकारली. म्हणजे असा माणूस तिथं असणं तर सोडाच, गोष्टीतही चालत नाही. तरी तो तिथं असतोच. गप्प असतो इतकंच.

आता माझं.

नव्वदच्या दशकात मी याच शहरात एका वसतिगृहात राहायचो. कुठल्या ते सांगत नाही. आमच्या मजल्यावर एक मुलगा होता. तालुक्याच्या गावचा, आपल्यातलाच. त्याच्यासारखा पळणारा मी पाहिलेला नाही. सोळाशे मीटर पळून आल्यावर बाकीचे ओकायचे, हा मेसमधून चहा आणायचा, आमच्यासाठीपण. त्याला फौजेत जायचं होतं. एनसीसीचा गणवेश स्वतः धुवायचा, स्वतः इस्त्री करायचा. त्याच्या पँटच्या इस्त्रीची घडी बघून आम्ही चेष्टा करायचो.

एका रात्री तो गावी गेलेला असताना चार-पाच पोरांनी त्याच्या ट्रंकेचं कुलूप तोडलं. शेंगदाण्याचे लाडू असतील म्हणून, असं नंतर सगळे म्हणाले. आत एक पत्र सापडलं. त्यानं लिहिलेलं, पण टाकलेलं नव्हतं. ते उर्दूत होतं. मजल्यावर बहुतेक पोरं मराठी शाळेची. उर्दू नीट वाचता येणारा मी एकटा. त्यांनी मला उठवलं.

मी वाचलं. मनात नाही, मोठ्यानं, व्हरांड्यात, दिव्याखाली. एकेक वाक्य उर्दूत आणि मग मराठीत. दुसऱ्याच वाक्याला मला समजलं होतं की हे एका मुलानं मुलाला लिहिलेलं आहे. मी थांबू शकलो असतो. म्हणू शकलो असतो, अरे, मामाला लिहिलंय, गावाकडची खुशाली आहे. कुणाला कळणार होतं? पण पोरं हसत होती आणि पहिल्यांदाच त्या मजल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. मी भाषांतरात चार गोष्टी पदरच्या घातल्या. जास्त हसू आलं.

तो सोमवारी परत आला. मंगळवारी त्याच्या खोलीच्या दारावर खडूनं तो शब्द लिहिलेला होता. रेक्टरनं वडिलांना बोलावलं. बुधवारी ते आले, टोपी हातात धरून ऑफिससमोर उभे होते. त्याच दुपारी दोघं एसटी स्टँडवर गेले. गणवेशाची पिशवी त्यानं खोलीतच ठेवली होती. भरती दोन महिन्यांवर होती.

वीस-एक वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती म्हणावं, तर तसंही नाही. खरं म्हणजे आठवणच येत नव्हती. माझ्यासाठी ती एक गमतीची रात्र होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये हन्सल मेहतांचा ‘अलिगढ’ लागला, मनोज बाजपेयींचा. मी तो प्रोझोनला पाहिला. पडद्यावर ती माणसं दार ढकलून आत शिरली आणि मला व्हरांड्यातला दिवा दिसला.

प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरचे. मराठीत पीएच.डी. १९८८ पासून अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवत होते, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले. कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. इथं मराठी साहित्य शिकणारे विद्यार्थी बसलेत, तुमच्या वर्गात कधी हे नाव ऐकलंत? मी ऐकलं नव्हतं. मुसलमानांच्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठात मराठी शिकवणारा हिंदू माणूस. एरवी आपण अशा माणसाचं कौतुक व्यासपीठावरून केलं असतं.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. ते एका सायकल रिक्षावाल्याबरोबर होते, त्याचं चित्रीकरण केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं सरांना निलंबित केलं. घुसणाऱ्यांना नाही, सरांना. क्वार्टर सोडायला सांगितलं. निवृत्तीला काही महिने उरले होते. त्या रिक्षावाल्यावर काय गुदरलं, ते तर कुणी धड विचारलंही नाही. गरिबाची अब्रू बातमीत बसत नाही.

सर अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली, घर परत द्यायला सांगितलं आणि खासगीपणाच्या हक्काची जाणीव करून दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. निलंबन मागे घेतल्याचं पत्र त्यानंतर पोचलं. ते शेवटपर्यंत वार्ताहरांना सांगत राहिले की या विद्यापीठावर माझं प्रेम आहे.

आता तुम्ही विचाराल, आणि काल जेवताना दोघांनी विचारलंच: सर, पण इस्लाम काय म्हणतो? मी मुफ्ती नाही. बहुसंख्य उलेमांचं मत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, मी ते झाकून ठेवत नाही. स्कॉट सिराजुल हक कुगल यांच्यासारखे मुसलमान अभ्यासक लूत अलैहिस्सलाम यांच्या किश्शाचा वेगळा अर्थ लावतात, तेही वाचा. तो वाद मोठा आहे, या अर्ध्या तासात मिटणारा नाही. पण माझ्या व्हरांड्यात आणि अलीगढच्या त्या घरात जे घडलं त्यासाठी तो वाद मिटायची गरजच नाही. सूरह हुजुरात उघडा. अकरावी आयत दुसऱ्याची टिंगल करायला आणि वाईट नावं ठेवायला मना करते, बारावी दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकायला. यावर कुठल्याही मसलकचं दुमत नाही.

हजरत उमर यांची ती रिवायत तुम्ही मदरशात ऐकली असेल. मदिन्यात रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले. आत एक माणूस, एक बाई आणि दारू. खलिफा रागावले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझी चूक एक, तुमच्या तीन. तुम्ही टेहळणी केलीत, दारातून न येता भिंतीवरून आलात, परवानगी न मागता, सलाम न करता आलात. अल्लाहनं तिन्ही गोष्टींना मनाई केली आहे. आणि उमर, ज्यांच्या नावानं बादशहा थरथरायचे, ते परत फिरले. अलीगढच्या त्या रात्री कॅमेरा घेऊन आत शिरणाऱ्यांना हा किस्सा ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मलाही तो माहीत होता. हुजुरात तर मला पाठ होती.

ही एवढी जुनी गोष्ट. आता आपल्या घरातली नवी घ्या. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यात एक कलम असं होतं की परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस नुसतं घरात सापडलं तरी गुन्हा. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. कशाच्या आधारावर? खासगीपणाच्या हक्काच्या. माझ्या फ्रिजमध्ये काय आहे हे बघायला तुम्ही माझ्या घरात घुसायचं नाही. आपल्या मोहल्ल्यात तेव्हा लोकांना हायसं वाटलं होतं. पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यात लैंगिक कलाचा उल्लेख आला आणि त्याच पायावर वर्षभरानं ३७७ चा निकाल उभा राहिला. म्हणजे आपलं स्वयंपाकघर आणि सिरस सरांची खोली, दोन्हींच्या दारावर एकच कडी आहे. एक उघडी टाकून दुसरी लावता येत नाही.

आणि आपण काय करत होतो? दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये ३७७ शिथिल केलं, त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांमध्ये एक ज्योतिषी होते, काही चर्चच्या संघटना होत्या, ‘क्रांतिकारी मनुवादी मोर्चा’ होता आणि ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होतं. एरवी जे आपल्याला दारात उभं करणार नाहीत, त्यांच्या मांडीला मांडी लावून आपण बसलो. डिसेंबर २०१३ मध्ये ते जिंकलेही. भाड्यानं घर शोधताना नाव सांगितलं की दार बंद होतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. टोपी खिशात घालून मुलाखतीला गेलेला या खोलीत कुणी नाही असं मला म्हणू नका. लपवणं म्हणजे काय, हे कुणी आपल्याला शिकवायला नको.

एक मात्र सांगतो, दाराला कडी एवढंच पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. आमच्या त्या मित्राच्या ट्रंकेला कुलूप होतंच. ट्रंकेत कोंडून जगणं म्हणजे जगणं नव्हे. पण पहिलं काम कुलूप तोडणाऱ्यांच्या बाजूनं उभं न राहण्याचं, तेवढं तरी आजपासून आपल्या हातात आहे.

‘अलिगढ’ पाहिल्यावर मी त्याला शोधायला लागलो. सात-आठ महिने गेले. तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे, दुकान आहे, बरं चाललंय. फौजेत गेला नाही. फोनवर मी माझं नाव सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तेरी उर्दू अच्छी थी.’ मी माफी मागितली. त्यानं दिली की नाही, मला आजही कळलेलं नाही. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, हे शिबिरात सांगू का? त्यानं दोन अटी घातल्या. गावाचं नाव नाही आणि पत्रात काय होतं ते नाही. म्हणून ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

आता चहा आहे. चहानंतर गटचर्चा. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही त्यांच्यासाठी दाराजवळ पेटी ठेवली आहे, तिच्यात चिठ्ठी टाका. मराठीत, उर्दूत, कशीही. नाव लिहू नका. पेटी मी एकटाच उघडेन आणि ज्या चिठ्ठीवर ‘वाचू नका’ लिहिलं असेल ती मोठ्यानं वाचणार नाही.